परदेशातल्या पाच एकरांच्या शेतावर इंटर्नशिप : जाऊ का?

पाटाकडची | २१ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी करवीर तालुक्यातली, पंचगंगेकाठच्या एका गावातली. यंदाच बी.एस्सी. ॲग्री झाले. घरी १०० गुंठे रान आहे. ८० गुंठ्यांत ऊस, उरलेल्या २० गुंठ्यांत भाजी. दारात दोन म्हशी. गुऱ्हाळ चुलत्यांचं आणि आमचं सामाईक आहे.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या एका शेतावर इंटर्न म्हणून यायला बोलावणं आलंय. एक नवरा-बायको पाच एकरांत भाजी करतात, शेताला लागून मेपलची झाडं आहेत. मार्च ते ऑक्टोबर असे आठ महिने. राहणं-जेवण शेतावरच, वर महिन्याला ठरलेला भत्ता. व्हिसा जे-१ चा, म्हणजे प्रशिक्षणासाठी येणाऱ्यांचा. पदवी झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत हे सुरू करावं लागतं, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नाही.

आईचं मन झालंय. बाबा काल म्हशीची धार काढता काढता म्हणाले, "आठ महिने परमुलखात जाऊन तण काढत भांगलणच करायची, तर इथं तुझी पात कुणी अडवलीया?" मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात.

कुणी असं जाऊन आलंय का? तिथं काय शिकायला मिळालं, आणि परत आल्यावर त्यातलं रानात काय उतरलं? फक्त "जा" किंवा "नको" सांगू नका, का ते सांगा.

---

आप्पा_कागल | २१ नोव्हेंबर, रात्री १०:२५

पोरी, तुझ्या बाबांचं बोलणं टोचलं असेल, पण त्यात माया आहे. मार्च म्हणजे तोड उरकून खोडव्याला, म्हणजे पुन्हा फुटलेल्या उसाला, खत द्यायचे दिवस. पाचट, पाण्याच्या पाळ्या, लाईट रात्री दोनला आली तर दोनला मोटार. माणूस मिळत नाही. तू जाशील, पण ते २० गुंठे कोण बघणार हे आधी ठरव. ते ठरलं की त्यांच्या मनातलं निम्मं ओझं उतरेल. माझा पोरगा पुण्याला गेला तेव्हा मला तो गेल्याचं दुःख नव्हतं, भाजीचा तुकडा पडीक पडला ते बघवत नव्हतं.

---

रांगडा_गडी | २१ नोव्हेंबर, रात्री १०:३१

नाद खुळा! जा बिनधास्त. गावातनं मिरवणूक काढू.

---

ठिबकवाला | २१ नोव्हेंबर, रात्री ११:४०

मी इस्रायलला जाऊन आलोय, अराव्याच्या वाळवंटात. ११ महिने. तिथं प्रशिक्षण केंद्र आहे, आशिया-आफ्रिकेतली पोरं येतात. आठवड्यातला एक दिवस वर्ग, बाकीचे दिवस शेतकऱ्याकडे काम. मी ढोबळी मिरचीवर होतो.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मी फक्त मिरची तोडली आणि खोकी भरली. बाबा म्हणतात तसंच वाटलं, हे तर गावातही केलं असतं. तिसऱ्या महिन्यात मी मालकाला विचारायला लागलो. फिल्टर कधी धुतोस? पाण्याचा ईसी (क्षारांचं माप) किती ठेवतोस? ही मिरची कुठल्या बाजारात जाणार आहे? त्याला आवडायला लागलं. मग तो स्वतःहून दाखवायचा. ज्या भागात वर्षाला ५० मिलिमीटरही पाऊस पडत नाही तिथं तो माणूस पाण्याचा थेंब मोजून युरोपला मिरची पाठवतो. आपल्या गगनबावड्याला ५००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि एप्रिलमध्ये आपण टँकर शोधतो.

परत आल्यावर आमच्या दीड एकर उसाला ठिबक केलं. दर आठवड्याला फिल्टर उघडून धुतो आणि प्रेशर गेज बघतो. शेजारच्यांची ठिबक दोन वर्षांत चोंदली, माझी चालू आहे. हे मला कॉलेजात कुणी हातात धरून दाखवलं नव्हतं.

एक गोष्ट जड मनानं सांगतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला गाझालगतच्या एका किबुत्झवर (सामुदायिक शेतीच्या वसाहतीवर) असंच शेती शिकायला आलेले १० नेपाळी विद्यार्थी मारले गेले. घरचे काळजी करतात ती उगाच नसते. तुझं ठिकाण वेगळं आहे, पण घरच्यांशी बोलताना त्यांची भीती झिडकारू नकोस.

---

नावात_काय | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

माझा अनुभव कडू आहे, पण लिहितो, कुणाचं तरी वाचेल.

एका एजंटानं सांगितलं, युरोपात सेंद्रिय शेतावर काम, टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कागद होतील. दोन लाख दिले. आईच्या पाटल्या गहाण होत्या. विमानतळावर विचारलं, कशासाठी आलात? मी खरं सांगितलं, शेतावर काम करायला. तिथल्या तिथं परत पाठवलं. एजंटाचं दुकान बंद. आज तीन वर्षं झाली, पाटल्या गेल्या वर्षी सुटल्या.

ताई, कागद बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस.

---

फाईलबंद | २२ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

नावात_काय, वाचून वाईट वाटलं. तुमची चूक इतकीच की तुम्ही खरं बोललात आणि त्यानं खोटं सांगितलं होतं.

इतरांसाठी: नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट केंद्र सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना क्रमांक तपासता येतो. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, त्याची पावती मागा. दोन लाख मागणाऱ्याकडे दुसऱ्या वेळी जायचंच नाही.

आता पाटाकडचीसाठी. जे-१ मध्ये तीन बाजू असतात: तू, शेत आणि मधली स्पॉन्सर संस्था. स्पॉन्सरला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मान्यता लागते, त्यांची यादी सरकारी साइटवर आहे. तुझ्या स्पॉन्सरचं नाव त्यात शोध. मग दोन कागद महत्त्वाचे.

डीएस-२०१९ स्पॉन्सर देतो, त्यावर व्हिसा मिळतो. डीएस-७००२ म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा. कुठल्या टप्प्यात काय शिकवणार, कोण शिकवणार, आठवड्याला किती तास, भत्ता किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि तिन्ही बाजूंच्या सह्या असतात. हा कागद मुलं वाचतच नाहीत, सही करून मोकळी होतात. तू ओळ न् ओळ वाच. नियमानं इंटर्नला निव्वळ अकुशल मजुरीवर ठेवता येत नाही. आराखड्यात सगळीकडे फक्त "तण काढणे, तोडणी" असेल तर आत्ताच विचार.

अजून एक. स्पॉन्सरनं पूर्वी न वापरलेलं ठिकाण असेल आणि तिथं २५ पेक्षा कमी माणसं कामाला असतील, तर स्पॉन्सरला ती जागा प्रत्यक्ष जाऊन बघावी लागते. नवरा-बायकोचं शेत म्हणजे माणसं कमीच, त्यामुळे स्पॉन्सरला ते नवीन असेल तर हा नियम लागणार. बघून आलात का, कधी, असं थेट विचार. विमा सक्तीचा आहे, एका आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचं संरक्षण हवं. सेविस फी (परदेशी प्रशिक्षणार्थींच्या सरकारी नोंदणीची) २२० डॉलर, ती कोण भरणार तेही विचार. राहण्या-जेवणाचे पैसे भत्त्यातून कापणार की नाही, हे लेखी घे.

मुलाखतीच्या वेळी तुझ्या हक्कांची छोटी पुस्तिका देतील. ती पिशवीच्या तळाशी टाकू नकोस, त्यात मदतीचा फोन नंबर असतो.

---

राजारामपुरीची_आई | २२ नोव्हेंबर, दुपारी २:३०

माझी लेक डेन्मार्कला डेअरीवर वर्षभर होती, शेतीच्या प्रशिक्षणार्थी परवान्यावर. म्हणून आईच्या बाजूनं दोन शब्द.

तिला कामाचा त्रास झाला नाही. दूध रोबो काढायचा, ही रात्री व्यायला आलेल्या गाईंवर लक्ष ठेवायची. त्रास झाला तो डिसेंबरात. दुपारी पावणेचारला अंधार, जवळचं दुकान ९ किलोमीटरवर, आणि हिला गाडी चालवता येत नाही. तेव्हा ती फोनवर काही बोलायची नाही, नुसती "हूं" म्हणायची. मी इथं देवघरात बसून रडायचे. मग तिनं मालकिणीला सांगितलं. त्या बाईनं दर शनिवारी तिला गावातल्या वाचनालयात सोडायला सुरुवात केली. तिथं एक म्हातारी भेटली, विणकाम शिकवणारी. त्या म्हातारीनं माझी लेक सांभाळली म्हणेन मी.

बाळ, तू जाण्याआधी त्यांच्याशी व्हिडिओवर बोल. झोपायची खोली दाखवा म्हण. दाराला आतून कडी आहे का बघ. आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेणार ते विचार. आधीच्या दोन इंटर्नचे नंबर माग, त्यातली एक तरी मुलगी असू दे. जी माणसं चांगली असतात त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही. आणि तुझ्या आईला त्या बाईंशी एकदा बोलू दे. भाषा नाही कळली तरी चेहरा कळतो.

---

तांबडारस्सा | २२ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

सगळं बरोबर, पण आठ महिने मिसळ नाही, तांबडा-पांढरा नाही, ह्याचा कुणी विचार केला का? कांदा-लसूण चटणीची चार पाकिटं आधी बॅगेत, मग कपडे.

---

मळणी | २२ नोव्हेंबर, दुपारी ४:००

@पाटाकडची, चटणी सीलबंद पाकिटातली ने गं बाई, डब्यात कोंबलेली नको. मटणाचं लोणचं, ताजी फळं, दुधाचे पदार्थ नकोत. आणि बी अजिबात नको! आपल्या शेवग्याचं बी त्यांना द्यावं असं वाटेल, पण परवानगीशिवाय चालत नाही. येतानाही तेच, तिकडचं टोमॅटोचं बी खिशात घालून आणू नकोस.

सगळ्यात महत्त्वाचे तुझे बूट. विमानतळावर उतरल्यावर विचारतात, गेल्या काही दिवसांत जनावरांजवळ गेला होतात का? तुझ्या दारात म्हशी, म्हणजे उत्तर "हो". खरंच सांग, घाबरू नकोस. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, अमेरिकेत १९२९ पासून नाही. बुटांच्या तळव्यात वाळलेलं शेण असेल तर ते धुवायला लावतात. गोठ्यातली चप्पल घरी ठेव, नवे बूट तिकडेच घे.

---

भटकंती_रोजची | २२ नोव्हेंबर, रात्री ८:४५

व्हिसाची एवढी झंझट कशाला? वूफ आहे की. १९७१ मध्ये इंग्लंडात सुरू झालं, आता जगभर आहे. दिवसाला चार-सहा तास काम, बदल्यात जेवण आणि अंथरूण. पैशांची देवाणघेवाण नाही. हा तर आपला पैराच आहे!

---

फाईलबंद | २२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

झंझट आहे म्हणूनच संरक्षण आहे. जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेलं काम बऱ्याच देशांचे अधिकारी कामच धरतात. टुरिस्ट व्हिसावर ते चालेल असं गृहीत धरू नका. वर नावात_काय यांनी लिहिलेलं परत वाचा.

---

आप्पा_कागल | २२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आणि पैरा कसला? पैऱ्यात मी आज तुझ्या रानात बैल घेऊन आलो तर उद्या तू माझ्या रानात यायला पायजे. श्रमाला श्रम. तो गोरा शेतकरी कधी माझ्या कागलच्या रानात भांगलायला येणार हाय का? पोटावारी राबणं आणि पैरा एक नव्हे.

---

भटकंती_रोजची | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४८

आप्पा, पटलं. शब्द मागे घेतो. मी हिमाचलात सफरचंदाच्या बागेत १५ दिवस होतो, माणसं फार चांगली होती, त्या आनंदात लिहिलं.

---

सोलावीवाली | २३ नोव्हेंबर, पहाटे १:२०

मी मूळची जयसिंगपूरची, सध्या जर्मनीत असते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आले आणि घरी बसून कंटाळले, म्हणून जवळच्या एका छोट्या शेताची सभासद झाले. तिकडं त्याला सोलावी म्हणतात. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

हंगाम सुरू होण्याआधी, बाहेर बर्फ असताना, सगळे सभासद एका खोलीत जमतो. शेतकरी फळ्यावर वर्षाचा खर्च लिहितो. बियाणं एवढं, डिझेल एवढं, दोन माणसांचा पगार एवढा, त्याचा स्वतःचाही पगार एवढा. स्वतःच्या मजुरीचा आकडा शेतकरी सगळ्यांसमोर लिहितो, ते बघून मला पहिल्यांदा भरून आलं. माझ्या वडिलांनी आयुष्यात स्वतःची मजुरी खर्चात धरली नाही. मग प्रत्येकाला चिठ्ठी मिळते. महिन्याला आपण किती देऊ शकतो ते लिहायचं, नाव न लिहिता. ज्याला जमतं तो जास्त लिहितो, ज्याची ओढाताण असते तो कमी. बेरीज खर्चाला पुरली नाही तर चिठ्ठ्या पुन्हा फिरतात. पुरली की हंगाम पक्का.

नंतर दर आठवड्याला जे पिकेल ते वाटून घ्यायचं. गारपीट झाली तर सगळ्यांना कमी. गेल्या वर्षी गोगलगाईंनी कोबी खाल्ला, आम्ही सहा आठवडे बीट खाल्लं, पण शेतकऱ्याचे पैसे बुडाले नाहीत. जपानात १९७० च्या दशकात तेइकेई नावानं अशीच पद्धत उभी राहिली, अमेरिकेत १९८६ पासून सीएसए नावानं आहे. व्हरमाँटमधलं पाच एकरांचं शेत भाजी कशी विकतं ते विचार. सीएसए असेल तर त्या हिशेबाच्या वहीजवळ बसायला मिळेल का, हेही विचार.

भांगलण सगळीकडे सारखीच. पेरण्याआधी विकलेलं असणं मात्र आपल्याकडे बघायला मिळत नाही.

---

ठिबकवाला | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:००

हे! हेच मला लिहायचं होतं आणि लिहिता आलं नव्हतं.

---

पन्हाळ्याची_भाजी | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

सोलावीवाली, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी पन्हाळ्याच्या पायथ्याला ३० गुंठ्यांत भाजी करते आणि नागाळा पार्क, ताराबाई पार्कातल्या १८ घरांना दर बुधवारी पिशवी देते. आगाऊ पैसे घ्यायचा प्रयत्न केला. पहिल्या वर्षी ११ जणींनी तीन महिन्यांचे दिले. जुलैत पंधरा दिवस रस्ते पाण्याखाली, पिशव्या पोचल्या नाहीत. चौघींनी पैसे परत मागितले. मी दिले, पण मनाला लागलं.

नंतर कळलं की मी त्यांना रान कधी दाखवलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात सगळ्यांना बोलावलं, पिठलं-भाकरी केली, चिखल कुठवर येतो ते बांधावरून दाखवलं. जुलै-ऑगस्टात पिशवी नाही, त्याऐवजी कडधान्य आणि सुकवलेल्या भाज्या, असं आधीच ठरवलं. त्या वर्षी कुणी पैसे मागितले नाहीत.

पाटाकडची, तू जाऊन हे नीट शिकून ये. मी चाचपडत शिकतेय. परत आलीस की आपण दोघी मिळून ५० घरं करू, मी मनापासून लिहितेय.

---

वर्गाबाहेर | २३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

निवृत्त शिक्षक आहे. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले, तिथं असतानाच २६ जुलैला राखीव जागांचा हुकूम निघाला. पुढं याच दशकात राधानगरी धरणाचं काम सुरू झालं. परमुलूख बघून आलेल्या डोळ्यांना आपला मुलूख निराळा दिसतो. आज तुझ्या रानात येणारं पाणी त्याच धरणाचं असेल. माझ्या विद्यार्थ्यांना एकच सांगायचो, ते तुलाही: वही ठेव. रोज रात्री पाच ओळी. हवा, काम, किती वेळ लागला, किती निघालं, आज काय विचारलं.

---

गुळव्याचा_नातू | २३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

कुणी मेपलबद्दल बोलेना! अगं, ते तर गुऱ्हाळच आहे. झाडाला भोक पाडून रस काढतात आणि पसरट काहिलीत लाकडावर आटवतात. मी व्हिडिओ बघितलेत, धुराड्यातनं वाफ निघते ती बघून आज्जा आठवला. तू गुऱ्हाळघरातली पोरगी आहेस हे त्यांना सांगितलंस का? चुलवाणापुढं बसायला सांग.

---

पाटाकडची | २४ नोव्हेंबर, रात्री ११:३०

सगळ्यांचे हात जोडून आभार. नावात_काय दादा, तुमचं वाचून आईनं मला जवळ घेतलं. दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही आज स्पॉन्सरचं नाव यादीत शोधलं. आहे.

काल आराखडा मागवून वाचला. चार टप्पे आहेत. तिसऱ्यात "विक्री व हिशेब" असं दोन ओळींत होतं. मी पत्र लिहून विचारलं की ते सविस्तर लिहाल का. शेतावरच्या बाईंचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अर्ध्या पानाचं. ११० घरांचं सीएसए आहे, बुधवारी आणि शनिवारी बाजार. हिशेबाला बसवेन म्हणाल्या. आधीच्या एका इंटर्न मुलीशीही बोलले. ती म्हणाली, थंडीचे मोजे चांगले घे आणि पहिल्या आठवड्यात रडू आलं तर येऊ दे.

आप्पा, २० गुंठ्यांचं मावशीच्या मुलाशी बोलणं झालंय, निम्म्या वाट्यानं. बाबांना सोलावीवाली ताईंचं वाचून दाखवलं. स्वतःचा पगार फळ्यावर लिहितो, या ओळीला ते थांबले. म्हणाले, "परत वाच."

---

पाटाकडची | २९ जानेवारी, दुपारी ४:४५

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतून बाहेर पडतेय. व्हिसा मंजूर! तीनच प्रश्न विचारले. त्यातला एक होता, परत येऊन काय करणार? मी म्हणाले, १०० गुंठे आहेत, तिथंच. पुस्तिका पिशवीत वर ठेवलीय, फाईलबंद काका.

---

रांगडा_गडी | २९ जानेवारी, दुपारी ४:४७

मिरवणूक पक्की!

---

राजारामपुरीची_आई | २९ जानेवारी, सायंकाळी ७:२०

देवापुढं साखर ठेवली. पोचलीस की इथं एक ओळ टाक.

---

पाटाकडची | ३० मार्च, सकाळी ६:५०

तुमच्याकडं सकाळ, माझ्याकडं रात्र. पोचून १९ दिवस झाले. मावशी, एक ओळ टाकायला उशीर झाला, रागावू नका. खोली वरच्या मजल्यावर आहे, आतून कडी आहे. विमानतळावर जनावरांबद्दल विचारलं, मी हो म्हणाले, बुटांचे तळवे बघितले आणि सोडलं.

भांगलण अजून नाही, जमीनच गोठलेली आहे. मे अखेरपर्यंत गोठलेलं दहिवर पडतं म्हणे, टोमॅटोची रोपं काचघरात. त्यामुळे पहिलं काम मेपलचं. रात्री पाणी गोठावं आणि दिवसा वितळावं, असे चार-सहा आठवडेच रस येतो. झाडाला करंगळीपेक्षा बारीक भोक, दोन इंच खोल, त्यात नळी. पहिल्या दिवशी मी बोटावर रस घेऊन चाखला आणि मला काही लागलंच नाही, नुसतं पाणी. त्यात साखर असते जेमतेम २ टक्के. ४० लिटर आटवले की १ लिटर सिरप. आपल्याकडं पाच-सहा लिटर उसाच्या रसाला किलोभर गूळ निघतो हे मी सांगितलं तेव्हा शेताच्या मालक काकांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं, "किती?"

परवा रात्री साडेआठला चुलीपुढं होते. बाबांना व्हिडिओ लावला, तिकडं पहाटेचे सहा, ते गोठ्यातच. मी फोन काहिलीवर धरला. रस उकळून फेस एकदम वर चढला. बाबा ओरडले, "अगं उतू जाईल, एरंडेल टाक म्हणावं त्येला, थेंबभर!" मी काकांना सांगेपर्यंत त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं लोणी काढलं, नखाएवढं, आणि कडेनं सोडलं. फेस खाली बसला. बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोण्यानं बी बसतो व्हय."

गुळव्याच्या नातवा, ही तुझ्यासाठी: सिरप झालं की नाही हे बघायला काकांकडे मोजायची नळी आहे, पण ते आधी पळीवरून धार सोडून बघतात. धार पडद्यासारखी चिकटून पडली की झालं. आपला गुळव्या गार पाण्यात गोळी करून बघतो, ते मी त्यांना करून दाखवलं.

आणि एक गोष्ट सांगायचीच आहे. हंगाम पुढं सरकतो तसं सिरप काळपट होत जातं. पूर्वी गडद मालाला बी ग्रेड म्हणायचे. व्हरमाँटनं २०१४ मध्ये ते नाव काढून टाकलं. आता सोनेरी, अंबर, गडद, फार गडद, असे चारही "ए" च, आणि बाटलीवर रंगाशेजारी चवीचं नाव लिहिलेलं. नाजूक, भरदार, कडक वगैरे. शनिवारी बाजारात एक आजी खास गडद मागायला आल्या, बीन्समध्ये घालायला. आपल्या मार्केट यार्डात गूळ जरा काळा दिसला की दर पाडतात, म्हणून लोक हायड्रॉस नावाची रसायनाची पावडर टाकून पिवळा करतात. आमच्या गुऱ्हाळातही दोन वर्षं टाकलं, नंतर चुलत्यांनी बंद केलं आणि दर कमी घेतला. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय. मग आपल्या ढेपेवर चवीचं नाव का नाही?

वहीत आज हेच लिहिलंय, सर.

---

गुळव्याचा_नातू | ३० मार्च, सकाळी ७:०५

आज्ज्याच्या भाषेत "खडकाळ रानाचा गूळ", "काळ्या रानाचा गूळ" अशी नावं होती. चवीवरनं तो रान ओळखायचा. शोधतो, घरात अजून कुणाला आठवतात का ते.

---

पन्हाळ्याची_भाजी | ३० मार्च, सकाळी ९:३०

माझ्या १८ च्या आता २३ पिशव्या झाल्यात. येत्या दिवाळीला प्रत्येकीत अर्धा किलो तुमच्या गुऱ्हाळाचा बिनहायड्रॉसचा गूळ, रंग असेल तो असू दे. चुलत्यांना विचारून ठेव. चिठ्ठी मी लिहीन.

---

आप्पा_कागल | ३० मार्च, सकाळी ९:५२

मावशीचा पोरगा २० गुंठ्यांत काय करतोय? गवार लावली का?

---

पाटाकडची | ३१ मार्च, सकाळी ६:२०

लावली आप्पा, सहा सरी. कालच फोटो पाठवलाय, तिसरीत नांग्या पडल्यात, त्या भरायला सांगितल्यात. इथं उद्या कांद्याची रोपं ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये लावायची आहेत, पाच हजार. झोपते.